नीळ नसलेला रुमाल

रविवारी दुपारी मी आणि माझ्या बायकोनं मिळून एक रुमाल धुतला. वीतभर कापड आणि त्याला माणसं दोन. हसायचं असेल तर हसून घ्या. आमच्या घरी तो रुमाल पस्तीसच्या वर वर्षं असाच धुतला गेला. ती साबण लावायची, मी तीन पाण्यांतून काढायचो. तिसरं पाणी ती आधी ओंजळीत घेऊन पाहायची. टाकीच्या पाण्याला गंजाचा रंग असतो, असं तिचं म्हणणं. मला तो रंग कधी दिसला नाही. तिला दिसायचा.

"पिळू नका जी. पिळलं का सुरकुत्या पडते. नुसता झटका."

मी झटकला. सगळं पाणी तिच्या चष्म्यावर.

"म्हातारे झाले, पण अजून रुमाल झटकता नाही येत तुम्हाले," ती म्हणाली. पदरानं चष्मा पुसला आणि रुमालाचे दोन कोपरे क्लिपा लावून दोरीवर अडकवले. बुधवारी एका घरची एकसष्टी होती, तिथलं शूटिंग आमच्याकडे होतं. त्याची ही तयारी. मग तिनं चहा केला, आम्ही प्यालो, कपबशा तिनं विसळल्या. पाच वाजता म्हणाली, छातीत कसंतरी होऊन राहिलं. सात वाजता डॉक्टरनं मान हलवली.

दवाखान्याबद्दल मला काही लिहायचं नाही. त्यांनी त्यांचं काम केलं. मला रुमालाबद्दल लिहायचं आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं त्याबद्दल. कारण त्यावरून माणसं अजून बोलून राहिली आहेत. बोलणाऱ्यांनी निदान पूर्ण ऐकून मग बोलावं.

मी पूर्व बंगालचा. बाप मला खांद्यावर घेऊन इकडे आला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. सरकारनं आमच्यासारख्या निर्वासितांना चांदा जिल्ह्याच्या जंगलात जमीन दिली आणि कॅम्प बसवला. तिथं चौथी शिकलो, तीही बंगालीत. अठराव्या वर्षी नागपूरला आलो आणि महालातल्या एका फोटो स्टुडिओत फोटो धुवायच्या कामाला लागलो. आता माझं सगळं आयुष्य इथं गेलं, तरी लोक विचारतात, मूळचे कुठले? मी सांगतो, मूळचा त्या स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीचा. तिथं लाल दिवा होता, औषधाचा आंबूस वास होता, आणि ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर माणूस हळूहळू उमटायचा. तेच माझं गाव समजा.

त्या वेळी मुलगी पाहायला येण्याआधी तिचा फोटो पाठवायची रीत होती. असे फोटो स्टुडिओत खूप यायचे. सोबतचा बाप किंवा भाऊ हमखास कानाजवळ येऊन सांगायचा, जरा गोरी काढजो. त्याची युक्ती सोपी होती. कागद ट्रेमधून थोडा आधी उचलायचा. चेहरा पूर्ण उमटायच्या आत थांबवला की गोरा राहतो. अशा किती मुली मी अर्ध्यावर थांबवल्या असतील, देव जाणे.

तीही अशीच आली, मोठ्या भावासोबत. तिचा हा भाऊ पुढं कुठल्याशा सरकारी ऑफिसात हेडक्लार्क झाला. ती त्याला दादा म्हणायची, म्हणून मीही पुढं दादाच म्हणत आलो. तेव्हा दादा म्हणाला, "गोरी काढजो बे. तीन ठिकाणांहून नकार आला." ती स्टुलावर बसली होती. तिनं हे सगळं ऐकलं. कॅमेऱ्याकडं अशी पाहत होती, की कॅमेऱ्यानं मान खाली घालावी.

मी कागद ट्रेमध्ये टाकला. आधी डोळे आले, मग भिवया, मग सगळा चेहरा. उचलायची वेळ झाली तरी मी उचलला नाही. का, ते मला धड सांगता येणार नाही. त्या चेहऱ्याला मधातच थांबवणं जमलं नाही, एवढंच. पूर्ण येऊ दिला.

दुसऱ्या दिवशी दादा फोटो घ्यायला आला आणि पाहून भडकला. "हे काय काढलं? माझ्या बहिणीचा फोटो आहे का तव्याचा?"

"जशी हायेत तशी आली," मी म्हणालो. माझी मराठी तेव्हा अशीच लंगडी होती.

दादानं फोटोचे चार तुकडे करून काउंटरवर टाकले. मालकानं मला सगळ्यांसमोर झापलं. तिसऱ्या दिवशी ती एकटी आली.

"त्या फोटोची दुसरी कॉपी निघते का?"

"काहून?"

"मी पहिल्यांदा माह्यासारखी दिसली त्याच्यात."

पुढं आमचं लग्न कोर्टात झालं. तिच्या माहेरचे त्याची वेगळीच गोष्ट सांगतात, सांगू द्या. दादा बरीच वर्षं बोलला नाही. बोलायला लागला तेव्हाही माझ्या तोंडावर जावई आणि पाठीमागं कॅम्पवाला. मला फरक पडत नव्हता. कॅम्पातून आलो तर कॅम्पवालाच. तिला मात्र राग यायचा. तिनं मला मराठी वाचायला शिकवली. पुस्तकं घरात नव्हती, लग्नपत्रिका ढीगभर होत्या, त्या पुढ्यात ठेवल्या. म्हणून अजूनही माझ्या लिहिण्यात कुठं 'आगत्याचं येणं करावं' असं काही आलं तर समजून घ्या.

व्हिडिओ आला तसा मी स्टुडिओ सोडून त्यात उतरलो. पहिला कॅमेरा आम्ही दोघं मिळून उचलायचो, खरोखर. कॅमेरा माझ्या खांद्यावर, रेकॉर्डर तिच्या खांद्यावर, आणि मधात दोन हात वायर. नवरदेव घोड्यावरून उतरला की मी पळायचो आणि ती ओढली जायची. मांडवात बायका हसायच्या. "बाई, तुले दाव्याले बांधलं का?" ती म्हणायची, "मी नाही, त्यायले बांधलं. मी सोडलं तं हरवतील."

आता रुमाल. कॅमेऱ्याला पांढरं काय ते आपोआप कळत नाही. ट्यूबलाइटखाली ते निळसर दिसतं, पिवळ्या बल्बाखाली पिवळं, आणि त्याच्यासोबत माणसाचा चेहराही बदलतो. म्हणून शूटिंगच्या आधी, त्या उजेडात, कॅमेऱ्यासमोर खरं पांढरं काहीतरी धरायचं. मग बटण दाबायचं. कॅमेरा समजतो, हे पांढरं, आणि बाकीचे रंग त्याच्यावरून लावून घेतो. त्यासाठी आमचा हा रुमाल. धरणारी ती. नवरीच्या चेहऱ्यापाशी रुमाल धरायची, मी बटण दाबायचो, मान हलवायचो, की ती बाजूला.

पहिल्याच वर्षी एक घोळ झाला. सलग तीन लग्नं पिवळी आली. नवरी पिवळी, भटजी पिवळे, पंगतीतला भातसुद्धा पिवळा. एका मुलीचा बाप कॅसेट घेऊन दारात उभा राहिला. "आमच्या पोरीले कावीळ झाल्यासारखी दिसून राहिली हो!" मी कॅमेरा उघडला, वायरी बदलल्या, देवाला नारळ फोडला. चौथ्या लग्नात रुमाल घरी विसरला, म्हणून मी पत्रिकेची कोरी पाठ धरायला लावली, आणि रंग एकदम बरोबर. घरी येऊन रुमाल पाहिला. लखलखीत होता. नको तितका लखलखीत.

"याले काय लावलं तू?"

"नीळ. पांढरंशुभ्र पाहिजे म्हणे न तुम्ही."

नीळ म्हणजे निळा रंगच की. कॅमेरा त्या निळसर कापडाला पांढरं समजायचा आणि सगळ्या जगात तेवढा पिवळा भरायचा. मी खूप ओरडलो. तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "तुम्हालेच मालूम नव्हतं तं मले कसं मालूम राहीन?" आणि हसत सुटली. मी काय करणार? मीही हसलो.

त्या दिवसापासून आमच्या घरात नीळ आली नाही. चुकून रुमालाला लागायला नको म्हणून. माझे सगळे पांढरे शर्ट जुन्या वर्तमानपत्रासारखे झाले. मला चालायचं.

गंमत अशी, की त्या पिवळ्या लग्नांतली एक कॅसेट लोकांना आवडली. पोरगी सोन्यावानी दिसते म्हणे. मग मुलाकडचे येऊ लागले, आमच्या सुनेचं तसं करून द्या, जरा उजळ. माझी एकदा तयारी झाली होती, खोटं कशाला बोलू. ती म्हणाली, "नीळवाला रुमाल मी धरणार नाही. तुम्हाले दुसरी बाई पाहा लागते." विषय संपला. जी जशी आहे तशी आमच्या कॅसेटमध्ये येणार, हा आमच्या घरचा कायदा झाला. काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ दिली.

आणखी एक. धरमपेठेत एका घरचे म्हातारे वारले, मुलगा परदेशात, पोहोचू शकत नव्हता. त्याला वडिलांचं शेवटचं पाहायचं होतं. पण शूटिंगवाला कोणी तयार होईना. जो कॅमेरा घाटावर गेला तो लग्नात चालत नाही, अशी धंद्यातली समजूत. मी पण कचरत होतो. ती म्हणाली, "कॅमेऱ्याले कायचं सुतक?" आणि रुमाल घेऊन माझ्या आधी दारात.

तिथं तिनं जे केलं ते मी पुढं प्रत्येक मयतीत पाहिलं. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यापाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "बाबाजी, जरासं धरते. दोन मिनिट." जिवंत माणसाला विचारावं तसं. मग रुमाल धरला.

त्यानंतर लग्नवाले विचारायचे, हाच कॅमेरा मयतीत नेता का? ती सांगायची, "हो जी, हाच. आणि रुमालपण हाच." लग्नांची अर्धी कामं तुटली. आम्ही थांबलो नाही. मुलगी शिकली, कॅनडात गेली, तिथं तिनं कुठल्याशा फॉर्मवर बापाचा धंदा लिहिला, सिनेमॅटोग्राफर. फोनवर तिनं ते सांगितलं तेव्हा तिची आई म्हणाली, "काही नको वं, शूटिंगवाले लिही. नाहीतर मले काय लिहिशील? रुमालवाली?"

तर रविवारी संध्याकाळी मी मुलीला फोन केला. तिला आठवा महिना होता, डॉक्टरनं विमानात बसायला मनाई केलेली. आई किती वाजता गेली, ते तिनं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "बाबा, कोणाला मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावू देऊ नका. मी आत्ता नाही पाहू शकत. पोटात हे आहे."

"नाही लावू देणार."

"पण तुम्ही काढून ठेवा. तुमच्या कॅमेऱ्यानं. बाळ झालं की पाहीन. आई जशी आहे तशी पाहिजे मला, बाबा."

मी हो म्हणालो. आता मला सांगा, जो माणूस लोकांच्या मुलांसाठी त्यांचे आईबाप काढून देत होता, त्यानं स्वतःच्या मुलीला नाही म्हणावं?

सकाळी अंगणात माणसं जमली. ऊन लागू नये म्हणून कोणीतरी निळी ताडपत्री बांधली होती. तिला खाली चटईवर ठेवलं होतं. वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, आणि शेजारच्या बायकांनी तिला न्हाऊ घातलं होतं. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं नेसवलं, हिरवा चुडा भरला, मळवट भरला, हात छातीवर ठेवले. मी आतून स्टँड आणि कॅमेरा घेऊन आलो. दादा पुढं आला. आता पंचाहत्तरीचा आहे, पण आवाज तोच.

"हे काय आणलं?"

"स्टँड."

"ते दिसून राहिलं मले. काहून आणलं?"

"पोरीले पाहिजे."

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का? बायको गेली, आणि माणूस शूटिंग करून राहिला! लोक काय म्हणतील?"

"लोकायच्या मयती मी काढल्या. त्यायच्या दारात मी चाललो. माझ्याच दारात चालत नाही का?"

"आणि अग्नी कोण देईन? हात दोनच आहेत तुले."

"दोन्ही मीच करतो दादा. स्टँड त्याच्यासाठीच राहते."

मागून कोणीतरी म्हणालं, बंगाल्याकडं असंच असते. आमच्याकडं कसं असतं ते मला आठवत नाही. मी चार वर्षांचा होतो. मी स्टँडचे पाय उघडले, कॅमेरा बसवला, डोळा लावला.

कॅमेऱ्यात दुसरीच बाई होती. गोरी, पिठासारखी. मी डोळा काढून पाहिलं. तिच्या तोंडावर पावडर होती, गळ्यापर्यंत.

"वहिनी, हे कोणं लावलं?"

"मीनंच लावलं जी," वहिनी घाबरून म्हणाली. "चेहरा काळवंडला होता. जरासं बरं दिसते."

मी आत गेलो, माझा गमछा नळाखाली ओला केला, पिळला, आणि येऊन तिच्यापाशी बसलो. कुंकवाला धक्का न लावता पावडर पुसली. आधी गाल, मग हनुवटी, मग गळा. तिच्या कानाच्या पाळीमागंही पावडर गेली होती, तिथलीही काढली. बायकांत कुजबूज सुरू झाली. रडलो का, असं नंतर कोणीतरी विचारलं. तुम्हाले काय करायचं आहे?

"अरे, सवाष्णीले नटवून नेतात!" दादा म्हणाला.

"नटवा न. लुगडं नेसवलं, मी बोललो? चुडा भरला, बोललो? रंग बदलाचा नाही. याच रंगापायी तुम्ही एक फोटो फाडला होता दादा, मले याद आहे."

दादालाही तो फोटो याद होता. पण तो बाजूला झाला नाही. तिच्या पायाशी तसाच उभा.

मी परत कॅमेऱ्याशी आलो. आता चेहरा तिचा होता, पण रंग बरोबर नव्हता. वर निळी ताडपत्री, खाली हिरवं लुगडं, कॅमेरा गोंधळला होता. आजकालचे कॅमेरे स्वतःच अंदाज लावतात. त्या अंदाजावर सोडलं असतं तर ती गुलाबी आली असती. पांढरं हवं होतं. इतकी वर्षं मला पांढरं मागायची वेळच आली नव्हती, आधीच समोर धरलेलं असायचं. सवयीनं मी वर पाहिलं आणि थांबलो.

"काय पाहिजे?" दादानं विचारलं. आवाज खाली आला होता.

"पांढरं."

त्यानं स्वतःच्या सदऱ्याकडं पाहिलं. इस्त्रीचा, कडक, चकाकणारा. खिशातून घडीचा रुमाल काढला, तोही तसाच चकाकणारा, आणि माझ्यापुढं धरला. "हा घे."

"त्याच्यात नीळ आहे दादा."

मी घराच्या बाजूनं मागं गेलो. रुमाल दोरीवर होता, तिनं लावलेल्या दोन क्लिपांत, ताठ वाळलेला. मी क्लिपा काढून खिशात ठेवल्या. रुमालावर एकही सुरकुती नव्हती. परत येऊन तिच्याशेजारी बसलो. छातीवरच्या हातांच्या बोटांत रुमाल नीट अडकवला, अंगठ्याखाली दाबला, समोरून सपाट केला.

"जरासं धर वं," मी म्हणालो. "दोन मिनिट."

मग उठलो. कॅमेऱ्यात नुसतं पांढरं दिसेपर्यंत झूमनं रुमालाच्या जवळ गेलो, बटण दाबलं. कॅमेऱ्यातली खूण लुकलुकली आणि स्थिर झाली. हळूहळू मागं आलो. लुगडं हिरवं झालं, कुंकू लाल झालं, आणि ती सावळी, पूर्ण सावळी, ट्रेमध्ये उमटली होती तशी.

फक्त तिच्या पायांवर सावली पडली होती.

"दादा, बाजूले व्हा," मी म्हणालो. "फ्रेमच्या मधात येऊन राहिले."

तो बाजूला झाला. मी रेकॉर्डिंग सुरू केलं.